बालरोग की भूल? ‘दोन्ही’ म्हणण्याआधी

प्रश्न : पत्र लिहिणारी वाचक २५ वर्षांची डॉक्टर आहे. मराठवाड्यातल्या शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालं, इंटर्नशिप संपली, सध्या एका ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राचं (सक्तीच्या शासकीय सेवेचं) वर्ष चालू आहे आणि ते वाया चाललंय असं तिला वाटतं. अमेरिकेत डॉक्टरी करण्यासाठी लागणाऱ्या यूएसएमएलई परीक्षेची स्टेप १ पास आहे, स्टेप २ चा अभ्यास सुरू आहे. इंटर्नशिपमध्ये बालरोग आणि भूलशास्त्र या दोन्ही पोस्टिंगमध्ये मन रमलं आणि तेव्हापासून निवड होत नाही. अमेरिकेत या दोन शाखांची पाच वर्षांची एकत्रित रेसिडेन्सी (रुग्णालयातलं पदव्युत्तर प्रशिक्षण) असते, असं तिच्या वाचनात आलं. ती लिहिते, ‘एक वर्ष वाचतं, दोन बोर्डं (तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्रं) मिळतात आणि निवडायचा प्रश्नच मिटतो. बालरोग शिकल्याशिवाय मुलांना नीट भूल तरी कशी देणार? मी फक्त याच जागांना अर्ज करू का? वडील म्हणतात, नीट-पीजी दे, बालरोग घे, गावात दवाखाना टाकता येईल. भूलवाल्याला कोण ओळखतं?’

उत्तर : तुम्ही वाचलंत ते खरं आहे. अमेरिकन बोर्ड ऑफ पेडियाट्रिक्स आणि अमेरिकन बोर्ड ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजी या दोन्ही बोर्डांनी मान्य केलेला हा पाच वर्षांचा मार्ग आहे. बोस्टन, स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स, फिलाडेल्फिया अशा मोठ्या बालरुग्णालयांच्या जोडीने तो चालतो. पण अशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्याच आहेत आणि प्रत्येकीकडे वर्षाला साधारण एक-दोन जागा. साधारणपणे पहिलं वर्ष बालरोगात, दुसरं ऑपरेशन थिएटरमध्ये आणि पुढची तीन वर्षं दोन्हीकडे आलटून-पालटून, असा क्रम असतो. दोन्ही प्रमाणपत्रांसाठी पूर्ण पाच वर्षं यशस्वीपणे पार पडावी लागतात. मध्येच ‘आता एकच शाखा पुरे’ म्हटलं, तर त्या शाखेचे उरलेले महिने भरून काढावे लागतात.

तुमच्या पत्रातली तीन गृहीतकं मला तपासून बघावीशी वाटतात. सुरुवात वाचणाऱ्या वर्षापासून करू.

वर्ष वाचतं, पण कशाच्या तुलनेत? बालरोगाची रेसिडेन्सी तीन वर्षांची. भूलशास्त्राची चार वर्षांची, त्यातलं पहिलं वर्ष सर्वसाधारण क्लिनिकल कामाचं. दोन्ही एकामागून एक केल्या तर बालरोगातल्या कामातून ते पहिलं वर्ष भरून निघतं आणि एकूण सहा वर्षं होतात. एकत्रित अभ्यासक्रमात पाच. म्हणजे ज्याला दोन्ही बोर्डं हवीच आहेत त्याचं एक वर्ष वाचतं. पण तुम्हाला शेवटी मुलांची भूलतज्ज्ञ व्हायचं असेल, तर सरळ रस्ता भूलशास्त्राची चार वर्षं आणि बाल-भूलशास्त्राची एक वर्षाची फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं खास प्रशिक्षण), एकूण पाच असा आहे. एकत्रित मार्गाने तिथेच पोचायला सहा वर्षं लागतील, कारण ती फेलोशिप इथेही वेगळी करावी लागते. मुलांच्या अतिदक्षता विभागात जायचं असेल, तर बालरोग तीन आणि बाल-अतिदक्षता फेलोशिप तीन, मिळून सहा. एकत्रित मार्गाने पाच अधिक तीन, आठ. या दोन्ही मुक्कामांना जायला एकत्रित रस्ता लांबचा पडतो. लांब असूनही तो काहींसाठी अगदी योग्य आहे. ते काहीजण कोण, हे ओळखणं हा तुमचा खरा प्रश्न आहे.

आता दुसरं गृहीतक. बालरोग शिकल्याशिवाय मुलांना नीट भूल देता येणार नाही, असा सूर तुमच्या पत्रात आहे. त्यासाठी एक रोजच्यातलं बाळ घेऊ. ३० आठवड्यांवर जन्मलेलं, आता १२ आठवड्यांचं, वजन साडेतीन किलो, दोन्ही बाजूंना हर्निया. आपल्याकडे सर्जन बालरोगतज्ज्ञाकडून ‘फिटनेस’ मागवतो आणि कागदावर ‘फिट फॉर जीए’ (पूर्ण भूल द्यायला योग्य) अशी एक ओळ येते. खरं काम त्या ओळीच्या मागे असतं. या बाळाचं गर्भधारणेपासून मोजलेलं वय ४२ आठवडे. अशा बाळांना भुलीनंतर श्वास थांबण्याचा धोका साधारण ६० आठवड्यांपर्यंत राहतो आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर तो वाढतो. म्हणून त्याला सकाळी पहिल्या नंबरवर घ्यायचं आणि रात्रभर मॉनिटरवर ठेवायचं; संध्याकाळी घरी पाठवायचं नाही. स्पायनल (पाठीच्या कण्यातून भूल) दिलं तर लगेचचा धोका कमी होतो, पण रात्रीचं मॉनिटरिंग टळत नाही. बाळाच्या अंगात रक्त सगळं मिळून ३०० मिलीच्या आसपास, तेव्हा ३० मिली गेलं तर दहावा हिस्सा गेला. पाचसहा भिजलेल्या गॉजमध्ये तेवढं सहज लपतं. आईचं दूध चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास. उपाशी ठेवण्याचा अतिरेक झाला तर साखर खाली येते. आणि श्वास थांबला की मोठ्या माणसापेक्षा किती तरी लवकर ऑक्सिजन घसरतो, कारण किलोमागे त्याचा ऑक्सिजनचा खप जवळजवळ दुप्पट आणि फुप्फुसातला साठा तोकडा.

हे सगळं चांगल्या बाल-भूलतज्ज्ञाला येतं आणि ते त्याला फेलोशिपमध्ये शिकवलं जातं. त्यासाठी बालरोगाचं दुसरं बोर्ड लागत नाही. उलट बालरोगतज्ज्ञाला त्या बाळाची सहा महिन्यांची वाढ, घरचा ऑक्सिजन, लसी, आईची थकलेली अवस्था आणि हर्नियानंतरची पुढची पाच वर्षं दिसत असतात. हे दुसरं दिसणं तुम्हाला फक्त ‘माहीत’ असायला हवंय, की ती जबाबदारी स्वतःच्या अंगावर हवीय? फक्त माहिती हवी असेल तर एक शाखा पुरते. जबाबदारी हवी असेल, तर दोन शाखांचा विचार रास्त आहे.

एकत्रित प्रशिक्षणाचं सोनं होतं अशी कामं थोडी आहेत, पण ती आहेत. आठवड्यातले काही दिवस थिएटरमध्ये आणि काही आठवडे मुलांच्या किंवा हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागात काम करणं. मुलांचं दीर्घकालीन दुखणं आणि उपशामक उपचार यांचा विभाग चालवणं. तिथे ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) द्यायचा हातही लागतो आणि कुटुंबाबरोबर महिनोन् महिने चालायची सवयही. सेरेब्रल पाल्सी, दुर्मिळ चयापचयाचे आजार, ट्रॅकिऑस्टॉमी (श्वासासाठी गळ्यात केलेलं छिद्र), पोटातून नळी, अशा गुंतागुंतीच्या मुलांची शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची सगळी व्यवस्था बघणं. एमआरआय आणि कर्करोगाच्या मुलांच्या वारंवारच्या प्रक्रियांसाठी गुंगी देण्याची सेवा उभी करणं. यांपैकी एखादं काम वाचताना ‘हेच’ असं वाटलं असेल, तर पुढचे परिच्छेद तुमच्यासाठी आहेत. वाटलं नसेल, तर बहुधा तुम्हाला दोन्ही शाखा हव्या नाहीत. निवडीचा दिवस पुढे ढकलायला हवा आहे. तसं असणं यात गैर काही नाही, पण त्यासाठी पाच वर्षं फार महाग पडतात. आणि निवड तिथेही सुटत नाही. बहुतेक रुग्णालयं पगार, विभाग आणि ड्युटी एका शाखेच्या हिशेबाने देतात. दोन विभागांत वाटलेली नोकरी प्रत्येकाला बोलणी करून घडवून घ्यावी लागते.

रोजच्या कामाचा पोतही वेगळा आहे. बालरोगात सकाळचा राउंड, घरी पाठवायची तयारी, शाळा-आहार-लसींचं बोलणं, तीच मुलं पुन्हा पुन्हा भेटणारी ओपीडी. भूलशास्त्रात निर्णय सेकंदांत. सर्दी झालेल्या चार वर्षांच्या मुलाची श्वासाची नळी काढली आणि स्वरयंत्र आवळलं : छाती आत ओढली जातेय, आवाज नाही, भूलयंत्राचा फुगा हलत नाही. शंभर टक्के ऑक्सिजन, मास्क घट्ट, जबडा पुढे, सलग दाब. सुटलं नाही तर भुलीचं औषध प्रोपोफॉल किलोमागे अर्धा ते एक मिलिग्रॅम. तरीही नाही तर स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन, आणि शीर नसेल तर तेच स्नायूत किलोमागे ४ मिलिग्रॅम. हे करताना कोणाला विचारायला वेळ नसतो आणि संध्याकाळी त्या मुलाला तुमचं नावही आठवत नाही. वडिलांचं ‘कोण ओळखतं’ हे म्हणणं इथे लागू पडतं, आणि त्याला टोला न मारता उत्तर द्यायला हवं. रुग्णांनी नावाने शोधत यावं, गावात आपली पाटी असावी, हे तुम्हालाही हवं असेल तर बालरोग हीच तुमची शाखा आणि वडील बरोबर आहेत. ते त्यांचंच स्वप्न असेल, तर त्यांना एखाद्या भूलतज्ज्ञाच्या कामाचा दिवस समोर बसून सांगा. शाखांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

एकत्रित रेसिडेन्सीत खरी झीज होते ती अदलाबदलीत. सहा महिने वॉर्ड करून थिएटरमध्ये परतलं की हात जड झालेले असतात. शिरा मिळत नाहीत, औषधांची मात्रा काढायला दुप्पट वेळ लागतो, आणि तुमच्याच वर्षाचे भूलशास्त्राचे रेसिडेंट तोवर मोठ्या केस करत असतात. वॉर्डात परतलं की उलट. दोन बॅचेस असूनही एकही पूर्ण आपली वाटत नाही. परीक्षाही दुहेरी : भूलशास्त्राच्या बेसिक, ॲडव्हान्स्ड आणि मग तोंडी व प्रात्यक्षिकाची ॲप्लाइड, शिवाय बालरोगाची बोर्ड परीक्षा. प्रमाणपत्र टिकवायलाही दोन्हीकडे काम आहे. नुसत्या भूलशास्त्राच्या ‘मोका मिनिट’ या ऑनलाइन प्रश्नमालिकेतच दर तिमाहीला ३० प्रश्न असतात. म्हणून मुलाखतीला गेलात तर अदलाबदल किती महिन्यांनी होते, परतल्यावर पहिले काही दिवस सोबत कोण असतं, दोन्ही विभागांत मिळून तुमचं ऐकणारा एक मार्गदर्शक ठरवलेला असतो का आणि बाळंतपणाची रजा घेतलेल्या रेसिडेंटचं वेळापत्रक कसं बसवलं गेलं, हे विचाराच. आधीच्या पाच-सहा जणांपैकी आज दोन्ही शाखा प्रत्यक्ष करणारे किती, हा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो.

आता व्हिसा, कारण भारतातून जाणाऱ्यांचा हा बेत बहुतेक वेळा इथे अडतो आणि पत्रात त्याचा उल्लेखही नाही. बहुतेक रेसिडेंट जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर जातात. त्यावर प्रशिक्षणाला साधारण सात वर्षांची कमाल मर्यादा आहे. त्यापुढची वाढ अपवादानेच मिळते. वर केलेली बेरीज पुन्हा बघा. एकत्रित पाच अधिक बाल-भूलशास्त्र एक, सहा : बसतं. एकत्रित पाच अधिक बाल-अतिदक्षता तीन, आठ : बसत नाही. म्हणजे ज्या कामासाठी हे दुहेरी प्रशिक्षण सगळ्यात जास्त शोभतं, नेमकं तेच जे-१ च्या चौकटीबाहेर जातं. दुसरी अडचण अशी की जे-१ वर प्रशिक्षणाची शाखा एकदाच आणि पहिल्या दोन वर्षांतच बदलता येते. त्यामुळे ‘आधी बालरोगाची तीन वर्षं पूर्ण करू, मग भूलशास्त्र घेऊ’ हा सोपा दिसणारा पर्यायही तिसऱ्या वर्षानंतर अडकतो. अशी काही योजना असेल तर व्हिसाच्या प्रायोजक संस्थेकडून आधी लेखी खात्री करून घ्या. रेसिडेंट मित्रांच्या तोंडी हवाल्यावर विसंबू नका.

जे-१ संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करून सूट घ्यावी लागते. ही सूट देणाऱ्या कॉनरॅड ३० योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा असतात. बाल-भूलतज्ज्ञाला लागणारी मोठी बालरुग्णालयं आणि टंचाईचे भाग हे क्वचितच एका नकाशावर येतात, हे लक्षात घ्या. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा सहा वर्षांचा असतो, त्यासाठी यूएसएमएलईची स्टेप ३ आधी पास असावी लागते आणि ती परीक्षा फक्त अमेरिकेत देता येते; शिवाय अनेक मोठ्या संस्था रेसिडेंटला तो देतच नाहीत. पाच अधिक एक केलं तर सहा वर्षं काठोकाठ भरतात. या व्हिसाचे नियम आणि खर्च वारंवार बदलतात, तेव्हा अर्ज करण्याच्या वर्षीच संस्थेला विचारा.

परत यायचं ठरलं, तर अमेरिकेतली पदव्युत्तर पात्रता भारतात मान्य होते. पण इथे नोकरीची जाहिरात एका शाखेची निघते. दुहेरी बोर्डाचं चीज होईल अशी जागा पुण्या-मुंबईच्या मोठ्या बालरुग्णालयात शोधावी किंवा उभी करावी लागेल.

‘फक्त याच जागांना अर्ज करू का’, हे तिसरं गृहीतक. नाही. देशभरात मूठभर जागा, त्यातल्या बऱ्याच त्या-त्या संस्थांत आधी काम केलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या नजरेत. परदेशी पदवीधराने फक्त तिथे अर्ज करणं म्हणजे वर्ष पणाला लावणं. भूलशास्त्राच्या साध्या जागाही सध्या जवळपास सगळ्या भरतात. बालरोगात परदेशी पदवीधरांना बराच जास्त वाव आहे. २०२४ च्या मॅचमध्ये (रेसिडेन्सीच्या जागावाटपात) बालरोगाच्या सुमारे अडीचशे जागा रिकाम्या राहिल्या होत्या. म्हणून अर्ज तीन थरांत करा : एकत्रित जागा, बालरोगाच्या बऱ्याच, आणि भूलशास्त्राच्या जिथे परदेशी पदवीधर घेतल्याचं दिसतं तिथल्या. भूलशास्त्रात चार वर्षांची ‘कॅटेगॉरिकल’ जागा आणि दुसऱ्या वर्षापासून सुरू होणारी ‘ॲडव्हान्स्ड’ जागा असा फरक असतो; ॲडव्हान्स्ड घेतली तर पहिलं वर्ष वेगळं मिळवावं लागतं. क्रमवारीच्या यादीत मात्र मनातला खरा क्रम लावा. मॅचची पद्धत उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते, अवघड जागा वर ठेवल्याने खालची हुकत नाही.

एकत्रित जागेसाठी शिफारसपत्रं दोन्ही शाखांची लागतात. एका पत्रात तुम्ही आजारी मुलाच्या घरच्यांशी कसं बोललात हे यावं, दुसऱ्यात श्वासमार्ग कसा सांभाळलात हे. निवेदनातही ‘मला दोन्ही आवडतं’ असं लिहून चालत नाही. पाच वर्षांनंतर कोणतं काम करणार आणि त्याला एक शाखा का पुरत नाही, हे एका परिच्छेदात सांगता आलं पाहिजे. तो परिच्छेद आजच लिहून बघा. प्रामाणिकपणे लिहिताच आला नाही, तर तेही उत्तरच आहे. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास असल्यामुळे सगळं वजन स्टेप २ च्या गुणांवर पडतं. घाईने देऊ नका.

भारतातला पर्याय दुय्यम समजू नका. एमडी बालरोगानंतर बाल-अतिदक्षतेत डीएम (त्यापुढची अतिविशेष पदवी) करता येतं. एमडी भूलशास्त्रानंतर बाल व नवजात भूलशास्त्रात डीएम. दोन्ही शाखा एकत्र इथे शिकता येत नाहीत, पण अतिदक्षतेत त्या रोज शेजारी उभ्या असतात. मन अतिदक्षतेकडेच ओढत असेल, तर व्हिसाशिवायचा हा रस्ता तुमच्यासाठी सगळ्यात सरळ आहे.

बंधपत्राचं वर्ष वाया चाललंय असं पत्रात जाणवतं. त्याच वर्षात निवडीची परीक्षा घेता येईल. साप्ताहिक सुटीला जोडून रजा मिळाली तर जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजातांच्या कक्षात) काही रात्री काढा आणि तेवढेच दिवस तिथल्या भूलतज्ज्ञाबरोबर, पीएसी ओपीडीपासून (भुलीआधीच्या तपासणीपासून) रिकव्हरीपर्यंत. नुसतं बघू नका; परवानगीने बॅग-मास्क धरा, मात्रा काढा, आईला समजावून सांगा. नवजात पुनरुज्जीवनाचा आणि पीएएलएसचा (मुलांच्या प्रगत जीवरक्षणाचा) कोर्स करून घ्या, दोन्हीकडे लागतात. रोज दोन ओळी लिहा : आज कोणत्या कामात वेळेचं भान राहिलं नाही आणि कोणतं काम संपायची वाट बघितली. थिएटरमधलं मूल वॉर्डात गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला बघायला आपणहून गेलात का, हेही लिहा. महिन्याभराने वही उघडली की बालरोग, भूल आणि ‘दोन्ही’ यांतलं कुठलं पान जाड आहे ते दिसेल.

मॅचसाठी अर्ज सप्टेंबरअखेर संस्थांना दिसू लागतात, क्रमवारीची यादी मार्चच्या सुरुवातीला बंद होते, निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा स्टेप २ चा निकाल आणि इंग्रजीची ओईटी परीक्षा ऑगस्टपर्यंत हातात असेल असं बघा. जे-१ साठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ लागतं आणि त्यात प्रशिक्षणाच्या शाखेचं नाव असतं. मॅच झाल्या झाल्या त्याच्या मागे लागा आणि एकत्रित जागा मिळाली असेल, तर पत्रात दोन्ही शाखांची नावं आली आहेत ना, हे ते पुढे पाठवण्याआधी वाचून घ्या.